तळोज्याहून बिरगंजला फ्रोझन पराठे, सोबत पनीर-श्रीखंड: एकाच रीफर (थंड माल नेणाऱ्या) गाडीत जमेल का?

पराठा_तळोजा

तळोजा एमआयडीसीत आमचं फ्रोझन पराठे, उकडीचे मोदक आणि मटार-कॉर्नचं छोटं युनिट आहे. माल आतापर्यंत पुणे, नाशिक, सुरतेपर्यंतच जातो. आता काठमांडूच्या एका वितरकाची पहिली ऑर्डर आहे: पराठे ७ टन, मटार-कॉर्न ३ टन, मोदक ५०० किलो, सगळं मायनस १८. याच गाडीत त्याला ८०० किलो पनीर आणि ४०० किलो श्रीखंडही हवंय, ते ० ते ४ अंशांवर. तो माल ओळखीच्या डेअरीकडून घेऊन आम्हीच पाठवणार.

ट्रान्सपोर्टर म्हणतो, ३२ फुटी मल्टी एक्सल लावतो, मायनस १८ सेट करून देतो, पनीर-श्रीखंडाभोवती थर्माकोलच्या शीट लावा, काही होत नाही. आमचा ब्लास्ट फ्रीझर (माल झटपट गोठवणारं मशीन) लहान आहे, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन बॅच पोटात मायनस १२ वरच निघतात. त्यावर त्याचं म्हणणं, गाडी पाच दिवस चालणार, रस्त्यात आपोआप खाली उतरेल.

मला विचारायचंय ते असं. हे मिक्स लोडिंग खरंच चालतं का? गाडी लावून घेताना नक्की काय तपासायचं? रक्सौलला (बिहारच्या सीमेवर, पलीकडे नेपाळचं बिरगंज) दोन दिवस थांबावं लागलं तर माल टिकेल का? आणि कागदपत्रांत आधी काय, नंतर काय? गाडी बॉर्डरवर पोचल्यावर एखादा कागद कमी निघाला, असं व्हायला नको आहे.

रीफर_कळंबोली

ताई, "रस्त्यात उतरेल" हे वाक्य आधी खोडून टाका. रीफर युनिट गार माल गार राखायला असतं, माल गार करायला नाही.

हिशेबच करा. ३२ फुटी बॉडीच्या भिंती, छत, तळ, दरवाजे मिळून साधारण १०७ चौरस मीटर. चांगल्या पफ (भिंतीत फोम भरलेल्या) बॉडीतून दर चौरस मीटरला, दर एका अंशाच्या फरकाला ०.४ वॅट उष्णता आत येते. बाहेर ४०, आत मायनस १८, म्हणजे ५८ अंशांचा फरक. नुसत्या भिंतींतून अडीच किलोवॅट. बॉडी जुनी असेल, पफमध्ये पाणी मुरलं असेल, तर साडेतीन आणि वर. त्या तापमानाला युनिटची ताकद सहा किलोवॅट धरली तर हाताशी तीन-साडेतीन उरतात. साडेदहा टन माल मायनस १२ वरून मायनस १८ ला न्यायला जवळपास ४० किलोवॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. कागदावर १२-१३ तासांचं काम. पण गार हवा थप्पीच्या बाहेरूनच फिरते, मधल्या बॉक्सला ती शिवतही नाही. बाहेरचे बॉक्स उतरतात, आतले दिवसच्या दिवस तसेच राहतात. तोवर युनिट अखंड पळतं, कॉइलवर बर्फ धरतं आणि मग चांगल्या मालाचीही वाट लागते. त्या बॅच आणखी एक दिवस कोल्ड रूममध्ये ठेवा किंवा तुर्भ्याच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजमध्ये खाली उतरवून घ्या. त्याचं भाडं या नुकसानीपुढे काहीच नाही.

गाडी लावताना पहिला प्रश्न: युनिट डायरेक्ट ड्राइव्ह की स्वतःच्या इंजिनाचं? डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे कॉम्प्रेसर गाडीच्या इंजिनावर चालतो. गाडी बंद की थंडी बंद. लहान गाड्यांत, शहरातल्या डिलिव्हरीला ते ठीक. बॉर्डरच्या रांगेसाठी नको. ३२ फुटीला बहुधा वेगळं डिझेल युनिट असतंच, पण "असतंच" म्हणून सोडू नका, वाकून बघा. थ्री फेज स्टँडबायची मोटर आणि प्लग आहे का, तेही बघा. कुठे ४१५ व्होल्टची लाइन मिळाली तर डिझेल वाचतं.

मग बॉडी. आत माणूस उभा करा, दरवाजा लावा, कुठून उजेड दिसतो का विचारा. गॅस्केटमध्ये (दरवाज्याच्या कडेच्या रबरात) कागदाची पट्टी धरून दरवाजा बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा जाते. चारही कोपऱ्यांत करा, खालचे दोन कोपरे बहुतेक वेळा गेलेले असतात, कारण हमाल तिथेच पाय देऊन चढतात. छताला लावलेला कॅनव्हासचा डक्ट फाटलेला असेल तर गार हवा पुढेच सांडते आणि मागचे बॉक्स तापतात. ड्रेनच्या नळ्या एक बाटली पाणी ओतून बघा. ड्रेन तुंबला की डीफ्रॉस्टचं (कॉइलवरचा बर्फ वितळवल्याचं) पाणी खाली गोठतं आणि पुढच्या थप्पीचे बॉक्स जमिनीला चिकटतात. कंडेन्सर कॉइलवर धूळ-कापूस बसलेला असेल तर आधी धुऊन घ्या. जबलपूरकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत घाणेरडा कंडेन्सर हाय प्रेशरवर ट्रिप होतो, आणि तिथे रात्री मेकॅनिक मिळेलच असं नाही.

रिकामी गाडी किमान दोन तास आधी सुरू करून मायनस १८ ला आणा, एक डीफ्रॉस्ट होऊ द्या. लोडिंगला दरवाजा उघडताना मात्र युनिट बंद करा. लोकांना हे उलटं वाटतं. युनिट चालू ठेवून दरवाजा उघडला की पंखे बाहेरची दमट हवा आत ओढतात आणि ती थेट कॉइलवर गोठते. जुलैमध्ये तळोज्यात उघड्या डॉकवर अर्ध्या तासात कॉइल पांढरी होते. मग ड्रायव्हर भिवंडी ओलांडेपर्यंत डिस्प्ले मायनस ९ दाखवत बसतो. कोल्ड रूममधून पॅलेट सलग काढता येतील इतकी माणसं लावा, ४०-५० मिनिटांत लोडिंग संपवा.

थप्पीचा नियम: फ्रोझन मालाच्या भोवती हवा फिरली पाहिजे, ताज्या मालाच्या आतून. पराठ्यांचे बॉक्स एकमेकांना घट्ट लावा, मध्ये फट नको. पण बाजूच्या भिंतींना टेकवू नका, समोरच्या भिंतीपासून आणि दरवाज्यापासून जागा सोडा, छताखाली लाल रेघेच्या वर एकही बॉक्स नको. खाली टी-फ्लोअर (हवा जायला पन्हळी असलेला तळ) असेल तर पुठ्ठा अंथरून त्याच्या पन्हळी बुजवू नका. सपाट पत्रा असेल तर पॅलेट हवेतच.

सेटिंग मायनस २० ठेवा. डीफ्रॉस्ट पहिल्या रात्री दर ३ तासांनी, नंतर दर ६ तासांनी. डीफ्रॉस्ट चालू असताना डिस्प्लेचा आकडा वर जातो, कारण तो हवेचा आकडा आहे, मालाचा नाही. ड्रायव्हरला हे नीट सांगा, नाहीतर तो घाबरून युनिट बंद-चालू करत बसतो.

थर्माकोलबद्दल दोन शब्द. थर्माकोल उष्णता अडवत नाही, तिचा वेग कमी करतो. बाहेर मायनस २० ची हवा पाच दिवस असेल तर आतलं पनीर आज नाही तर उद्या गोठणारच. मिक्स लोड करायचाच असेल तर मल्टी टेंपरेचर बॉडी लागते: मध्ये सरकणारी इन्सुलेटेड भिंत आणि मागच्या कप्प्याला वेगळा इव्हॅपोरेटर (आतली थंडी देणारी कॉइल). अशी ३२ फुटी भाड्याने शोधायला वेळ लागेल आणि भाडं चढं पडेल. बाराशे किलोसाठी परवडत नाही.

सीमाशुल्क_काका

वरचं गाडीचं सगळं बरोबर आहे. आता कागद. गाडी पाच दिवस नीट चालते आणि दोन कागदांपायी तीन दिवस उभी राहते, म्हणून सुरुवात तिकडून करा.

काठमांडूच्या वितरकाला आधी विचारा: त्याच्याकडे तिकडचा एक्झिम (आयात-निर्यात) कोड आहे का, खाद्य प्रविधि तथा गुण नियंत्रण विभागाकडची आयातीची पूर्तता झाली आहे का, पनीर-श्रीखंडासाठी प्राणी क्वारंटाइनचा आयात परवाना काढला आहे का. दुग्धजन्य मालाचा परवाना वेगळा, त्याच्या अटी वेगळ्या आणि त्या अटींप्रमाणे इथून हेल्थ सर्टिफिकेट लागतं. पनीर-श्रीखंड पराठ्यांच्या गाडीत घातलं आणि अडकलं तर अख्खी गाडी अडकते, कारण गाडी एक आणि डिक्लेरेशन एक. पहिल्या खेपेला दूध-दही बाजूला ठेवा, हे मीही सांगेन, फक्त कारण वेगळं. मटार-कॉर्नला फायटोसॅनिटरी (वनस्पतिजन्य माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) लागत असेल तर ते त्याच्या परवान्यात लिहिलेलं असतं. लागत असेल तर गाडी निघण्यापूर्वी इथेच प्लांट क्वारंटाइनकडून काढायचं. रक्सौलला पोचल्यावर ते मिळत नाही.

लेबलचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून त्याच्याकडून लेखी होकार घ्या: मालाचं नाव, घटक, बॅच, उत्पादन आणि संपण्याची तारीख, निव्वळ वजन, आयातदाराचं नाव-पत्ता. आयातदाराचं स्टिकर इथेच, कोल्ड रूममध्ये नेण्यापूर्वी लावा. मायनस १८ च्या पुठ्ठ्यावर दव धरतं, स्टिकर चिकटत नाही, बिरगंजला पोचेपर्यंत निम्मे गळून पडतात.

आता आपल्या बाजूचं. आयईसी (आपला आयात-निर्यात कोड) आणि जीएसटीचा एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) तुमच्याकडे असेल असं धरतो. एलयूटी नसेल तर आरएफडी-११ भरा, नाहीतर आयजीएसटी भरून परताव्याची वाट बघत बसावं लागेल. बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा क्रमांक) रक्सौलच्या लँड कस्टम्स स्टेशनला नोंदवावा लागतो. न्हावा शेवाला नोंदवलेला असला म्हणून तिथे चालत नाही. पहिल्यांदा माल पाठवणारा इथेच अडकतो, आणि कोड मंजूर व्हायला दोन-चार दिवस जाऊ शकतात. रस्त्याने जाणाऱ्या मालाला कायद्यात शिपिंग बिल नव्हे, बिल ऑफ एक्स्पोर्ट म्हणतात. ते आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) गाडी निघण्याआधी भरून ठेवा. नेपाळला रुपयांत बिल करता येतं, त्यात अडचण नाही. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन घ्या, त्यावरचा एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक), वजन आणि बॉक्सचा आकडा इनव्हॉइसशी अक्षरशः जुळला पाहिजे. मटार ०७१० २१, स्वीट कॉर्न ०७१० ४०, इथे गोंधळ नाही. पराठा १९०५ की २१०६, यावर आपल्याकडे जीएसटीत वर्षानुवर्षे भांडणं झाली. तुमच्या रिटर्नमध्ये जो आहे तोच इथे लिहा आणि आयातदाराच्या एजंटला आधी दाखवा. तिथे उभ्या गाडीत वर्गीकरणाचा वाद घालणं म्हणजे दर तासाला डिझेल जाळणं.

ई-वे बिल: २०० किलोमीटरला एक दिवस. रक्सौल १,८०० ते १,९०० किलोमीटर, म्हणजे साधारण १० दिवस मिळतात. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर पार्ट बी (गाडीच्या नंबरचा भाग) त्याच वेळी बदला. मुदत संपत आली तर संपण्याच्या आधी ८ तास ते नंतर ८ तास, एवढ्याच वेळात वाढवता येते.

दिवसाचं गणित करा. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी, आपल्याकडे रविवारी बँका आणि बऱ्याच एजंटांची ऑफिसं बंद. शुक्रवारी संध्याकाळी पोचलेली गाडी सरळ सोमवारपर्यंत उभी. तळोज्याहून बुधवारी संध्याकाळी गाडी सोडा. दोन ड्रायव्हर असतील तर गाडी रविवारी रात्री मोतिहारीच्या आसपास असते. तिथे टाकी फुल करून सोमवारी पहाटे आयसीपीच्या (सीमेवरच्या तपासणी नाक्याच्या) रांगेत. दसरा-तिहारच्या (तिकडच्या दिवाळीच्या) आधीचे दोन आठवडे पहिल्या खेपेसाठी घेऊच नका, बॉर्डर ठासून भरलेली असते. आयातदाराने ड्युटी आणि १३ टक्के व्हॅटचे पैसे गाडी पोचण्याआधी तयार ठेवायचे. "गाडी आली की भरतो" म्हणणारे फार आहेत.

तपासणी होणारच. नमुनाही काढला जाऊ शकतो. प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन बॉक्स दरवाज्याजवळ येतील असं लोडिंग करा, पॅकिंग लिस्टवर त्यांचे नंबर वेगळे दाखवा. मोदकाचा नमुना समोरच्या भिंतीला असेल तर उन्हात अर्धी गाडी खाली करावी लागते. सील तोडलं की नवं सील लावून त्याचा नंबर कागदावर चढवून घ्या, अधिकाऱ्याची सही घ्या.

ही गाडी काठमांडूपर्यंत नेण्याचा हट्ट नको. डिलिव्हरी बिरगंजपर्यंतच ठेवा, पुढची गाडी आयातदाराची. घाटरस्ता आहे, पावसाळ्यात दरडी पडतात, ३२ फुटीला ती वळणं जड जातात. करारात लिहा: जोखीम कुठे बदलते आणि हॉल्टिंग (गाडी थांबल्याचं भाडं) कोण भरणार. पहिले २४ तास फुकट, पुढे प्रतिदिवस इतके, आणि उशीर कोणाच्या कागदामुळे झाला त्यावर ते कोणी द्यायचे. बिरगंजलासुद्धा गाडी पलीकडे जाते, तेव्हा तिकडच्या भन्सारात (कस्टम्समध्ये) दिवसाप्रमाणे भरावी लागणारी फी आणि गाडीच्या विम्याला नेपाळची भौगोलिक मर्यादावाढ, दोन्ही गाडीमालकाकडून आधी दाखवून घ्या. आपल्या मोटार पॉलिसीत ती आपोआप नसते.

मालाच्या विम्यात रीफर बिघाडाचं कलम नीट वाचा. पुष्कळदा ते सलग २४ तास मशीन बंद पडलं तरच लागू होतं. मशीन १० तास बंद पडून चालू झालं आणि माल गेला, तर भरपाई शून्य. कमी तासांचं कलम मागा, हप्ता थोडा वाढेल.

पराठा_तळोजा

दोघांचेही आभार. पनीर-श्रीखंड या खेपेतून काढते. पण एक अडतंय. नमुन्याचे बॉक्स दरवाज्याजवळ ठेवा म्हणता, आणि दरवाज्याजवळच सगळ्यात जास्त तापतं. मग तोच बॉक्स उघडून कोणी थर्मामीटर घातला आणि मायनस ११ आलं तर? अख्खा माल नापास?

क्यूए_रबाळे

प्रश्न बरोबर आहे. नमुन्याचे बॉक्स शेवटच्या रांगेत नको, शेवटून दुसऱ्या रांगेत, मधोमध, छातीइतक्या उंचीवर ठेवा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे दरवाज्याचे वरचे दोन कोपरे, कारण दरवाजा उघडला की गरम हवा वरून आत शिरते. तिथे मटार ठेवा, मोदक नको. शेवटच्या रांगेवर जाड प्लास्टिकचा पडदा सोडा आणि तपासणी सकाळी लवकर मागून घ्या. नमुना काढायला चार मिनिटं लागतात, त्यासाठी दरवाजा चाळीस मिनिटं उघडा ठेवायची गरज नाही.

मोजण्याची पद्धत आधीच कागदावर ठरवा. नाहीतर इथे तुम्ही बॉक्समधलं मोजता, तिथे तो इन्फ्रारेड गन पुठ्ठ्यावर मारतो आणि मायनस ८ सांगतो. गन पुठ्ठ्याचा पृष्ठभाग मोजते, आणि दार उघडल्यावर पुठ्ठा मिनिटभरात तापतो. पहिली पायरी: थर्मामीटरचा चपटा प्रोब (टोक) दोन बॉक्सच्या मध्ये दाबून, आकडा स्थिरावेपर्यंत थांबून. तो शंकास्पद आला तरच बॉक्स उघडून दोन पाकिटांच्या मध्ये. तोही वाईट आला तरच पाकीट फोडून पोटात, आणि पराठ्यात प्रोब नुसता ठोकून घालायचा नाही. आधी गार केलेल्या टोच्याने भोक पाडून मग प्रोब. गरम प्रोब घातला तर तो स्वतःचंच तापमान सांगतो. प्रोब निघण्याच्या दिवशी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून तपासा, ० च्या अर्ध्या अंशाच्या आत आला पाहिजे. त्याची नोंद गाडीबरोबर द्या.

नापास कशाला म्हणायचं? क्विक फ्रोझन मालाच्या कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) आचारसंहितेत वाहतुकीत मालाचं तापमान थोडा वेळ मायनस १८ च्या वर गेलं तर सवलत आहे, पण सगळ्यात गरम पाकीटसुद्धा मायनस १२ च्या वर जाता कामा नये आणि ते लवकरात लवकर परत खाली आणायचं. करारात साधं लिहा: बिरगंजला उतरवताना पोटात मायनस १५ किंवा खाली असेल तर स्वीकार, मायनस १५ ते मायनस १२ असेल तर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) बघून दोघांनी ठरवायचं, वर असेल तर ते बॉक्स वेगळे काढायचे. सगळा माल नव्हे, ते बॉक्स. हे शब्द नसतील तर समोरचा एका बॉक्सवरून अख्ख्या बिलात कपात मागतो. आणि तुमच्या त्या मायनस १२ च्या बॅच अशा करारात लोडिंगलाच स्वीकाराच्या मर्यादेबाहेर आहेत, तेव्हा त्या खाली आणल्याशिवाय गाडीत नको.

लॉगर तीन लावा, दर १० मिनिटांची नोंद. एक समोर रिटर्न एअरपाशी (युनिटकडे परतणाऱ्या हवेपाशी), एक मधल्या थप्पीच्या पोटात, एक शेवटच्या रांगेत वर. नुसत्या युनिटच्या प्रिंटवर जाऊ नका, ती हवा सांगते. तिन्ही लॉगर भारतीय वेळेवर ठेवा आणि तसं अहवालावर लिहा. नेपाळचं घड्याळ १५ मिनिटं पुढे असतं. तपासणीची वेळ तिकडच्या कागदावर ११:४५ आणि लॉगरवर दरवाजा ११:३० ला उघडलेला दिसतो, मग कोणीतरी म्हणतं नोंद खोटी आहे. तिकडच्या कागदांवर तारीख विक्रम संवताची असते, तीही ताळ्यासाठी इंग्रजी तारखेसह लिहून घ्या.

माल मध्ये सुटून परत गोठला का, ते मटार लगेच सांगतात. चांगल्या आयक्यूएफ (दाणा-दाणा सुटा गोठवलेल्या) मटाराची पिशवी हलवली की खडखड वाजते. ढेकूळ झालं असेल तर ती मध्ये सुटली होती. पराठ्याच्या पाकिटात आतून बर्फाचा भुसा दिसतो आणि मधले कागद पिठाला चिकटतात. मोदकाची उकड मात्र थोड्याशा चढउतारानेही कोरडी पडून पाकळ्यांपाशी तडकते, म्हणून मोदक ट्रेमध्ये आणि ट्रेवर हवाबंद पिशवी, नुसता पुठ्ठा नको. स्वस्तातला पुरावा हवा असेल तर अर्धी बाटली पाणी उभं गोठवा, बर्फावर एक नाणं ठेवा, बाटली शेवटच्या रांगेत उभी बांधा. नाणं बुडालेलं दिसलं तर पाणी झालं होतं. पण हे फक्त ० अंश ओलांडला का एवढंच सांगतं, मायनस ८ पर्यंत गेलं तर नाणं जागेवरच राहील. लॉगरला पर्याय नाही.

पनीरचं: फ्रोझन पनीर हा वेगळा, रीतसर विकला जाणारा माल आहे. लहान तुकडे करून, झटपट गोठवून, लेबलवर तसं लिहून मायनस १८ ला पाठवता येतं आणि मग ते याच गाडीत बसतं. पण ताजं म्हणून बनवलेलं पनीर वाटेत हळूहळू गोठलं तर सुटल्यावर पाणी सोडतं आणि भुगा होतं. वितरकाला विचारा, त्याला फ्रोझन चालेल का. श्रीखंडाचं तुमच्या डेअरीच्या रेसिपीवर चाचणी केल्याशिवाय कबूल करू नका.

घोडबंदर_लाइन

रीफर_कळंबोली, एक शंका. फ्रोझनला तुम्ही युनिट स्टार्ट-स्टॉप (तापमान गाठलं की बंद, चढलं की चालू) ठेवता की कंटिन्युअस (अखंड)? रांगेत उभं असताना स्टार्ट-स्टॉप लावावं म्हणतात, डिझेल वाचतं.

आणि ताई, ठाणे हद्दीत जड वाहनांना ठरावीक वेळा बंद असतात. शिळफाट्यावरून मुंब्रा बायपास, खारेगाव करत आमणेला समृद्धीवर चढायचं असेल तर गाडी सोडण्याच्या दिवशीची वाहतूक अधिसूचना बघा. संध्याकाळी शिळफाट्याला अडकली तर तीन तास तिथेच जातात. समृद्धीवरून नागपूर, पुढे जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर हा रस्ता भरलेल्या गाडीला घाटाच्या मानाने बरा.

रीफर_कळंबोली

धावताना स्टार्ट-स्टॉप, काहीच हरकत नाही. बॉर्डरला दिवसा, ड्रायव्हर जागा असेपर्यंत, तेही चालेल. रात्री मात्र कंटिन्युअस. कारण स्टार्ट-स्टॉपमध्ये युनिटचं इंजिन दर वेळी बॅटरीवर उठतं. बॅटरी अर्धमेली असेल तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला उठत नाही, अलार्म कोड लुकलुकत राहतो आणि ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. सकाळी सहाला कळतं. निघण्यापूर्वी युनिटच्या बॅटरीचं वय विचारा. दोन वर्षांच्या वर असेल तर बदलून मगच सोडा. एक जादा फॅनबेल्ट, फ्यूज आणि डिझेल फिल्टर गाडीत ठेवा. बिहारच्या बाजूला भरलेल्या डिझेलात पाणी आलं तर युनिट आधी बंद पडतं, गाडी नंतर.

डिझेलचं गणित: कंटिन्युअसवर ताशी २ ते ३ लिटर धरा. दोन दिवस उभं राहायचं तर १४४ लिटरपर्यंत तयारी हवी. युनिटची टाकी तेवढी आहे का आधी विचारा. कमी असेल तर रक्सौलला डिझेल घेऊन येणारा माणूस आधीच ठरवा, कारण रांगेतून गाडी बाहेर काढली की नंबर गेला. ड्रायव्हरने दर चार तासांनी तीन गोष्टींचा एकाच फोटोत फोटो टाकायचा: डिस्प्ले, टाकीचा काटा, दरवाज्याचं सील. रात्री दोनचा फोटो आला नाही तर फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आणि युनिटच्या टाकीच्या झाकणाला कुलूप घाला. रांगेत रात्रीत तीस लिटर कोण काढून नेतं ते कळत नाही, फक्त काटा खाली आलेला दिसतो. चावी दोन्ही ड्रायव्हरांकडे एकेक.